पेनी, गिनी आणि सभागृह

एखाद्या जुन्या इमारतीचा इतिहास सांगताना ती कोणी आखली, किती उंच बांधली, तिचा घुमट केवढा आहे, हे सांगण्याचा प्रघात आहे. आम्ही कामगार चळवळीत वावरलेली माणसे. आमच्या मनात आधी दुसरेच प्रश्न येतात. पैसा कोणी दिला? आणि आत शिरण्याचा हक्क कोणाला मिळाला? या दोन प्रश्नांचा माग काढला म्हणजे दगडविटांच्या आडची माणसे दिसू लागतात. आज ज्या वास्तूविषयी बोलावयाचे आहे ती लंडनमधील वेस्टमिन्स्टरचा मेथडिस्ट सेंट्रल हॉल. नाव हॉलचे, पण तेथे रविवारी उपासना चालते आणि इतर दिवशी परिषदा, सभा, जलसे भरतात. देवाचे घर आणि गावाचे सभागृह एकाच छपराखाली कसे आले, हे समजून घ्यावयाचे तर पावणेतीनशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

जॉन वेस्ली हा इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधला धर्मोपदेशक. खाणीतले मजूर, विणकर, शेतमजूर यांच्यापर्यंत चर्च पोहोचत नाही, हे पाहून तो उघड्या मैदानात प्रवचने करू लागला. १७३९ साली ब्रिस्टल येथे त्याच्या अनुयायांनी पहिली इमारत उभी केली. तिचे नाव ‘न्यू रूम’, म्हणजे नवी खोली. इमारत झाली, पण कर्ज झाले. ते फेडण्यासाठी १७४२ साली बैठक भरली. फॉय नावाच्या एका निवृत्त जहाज-कप्तानाने सुचविले की कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कित्येकजण इतके गरीब आहेत की त्यांना तेवढेही जमणार नाही, असा आक्षेप निघाला. तेव्हा तो म्हणाला की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. त्यांना जे देता येणार नाही ते मी भरीन. अशा रीतीने बाराबाराचे गट पडले, प्रत्येक गटाला एक म्होरक्या मिळाला, आणि तो दर आठवड्याला घरोघर फिरू लागला. वसुलीसाठी निघालेले हे गट पुढे त्या पंथाचा कणाच बनले.

श्रोतेहो, ज्याने युनियनची वर्गणी गोळा केली आहे त्याला हे वाचून हसू आल्यावाचून राहणार नाही. पेनीसाठी दारात गेले म्हणजे घरात आजारी कोण, कामावरून कमी झाला कोण, दारूच्या नादी लागला कोण, हे आपोआप कळते. पैसा थोडा मिळतो, पण माणूस मिळतो. वर्गणी ही संघटनेची नाडी आहे, असे आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सांगत असतो, ते याच अर्थाने.

ही शिकवण चर्चच्या चार भिंतींत राहिली नाही. डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यात मेथडिस्टांनी १८१८ साली एक लहानसे प्रार्थनाघर बांधले. जॉर्ज लव्हलेस हा तेथला शेतमजूर पंथाचा हौशी प्रवचनकारही होता. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आली आणि पुढे सहाचा धाक घातला गेला, तेव्हा मजुरांनी युनियन स्थापिली. १८३४ साली लव्हलेससह सहाजणांना बेकायदा शपथ घेतल्याच्या आरोपावरून सात वर्षांची काळ्यापाण्याची शिक्षा झाली व त्यांना ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. त्या सहांपैकी पाच मेथडिस्ट होते. सभेत उभे राहून बोलणे, हिशेब लिहिणे, नियम करणे, दहा माणसांना एकत्र धरून ठेवणे, हे सारे त्यांनी शिकले ते प्रार्थनाघरात. देशभर ओरड झाल्यावर १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. ते प्रार्थनाघर पुढे शेतीच्या कामासाठी वापरले जाऊन मोडकळीस आले होते. अलीकडे एका स्थानिक न्यासाने ते गावाच्या उपयोगासाठी वाचविण्याचे काम हाती घेतले.

मात्र चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वेस्लियन पंथाच्या वरिष्ठांचा कल मजुरांच्या चळवळीकडे नव्हता. त्यांना राजनिष्ठेची आणि शांततेची चिंता अधिक. १८७२ साली शेतमजुरांची राष्ट्रीय युनियन उभारणारा जोसेफ आर्च हा प्रिमिटिव्ह मेथडिस्ट, म्हणजे गरिबांच्या फुटीर शाखेतला. पंथ एक, पण वरची व खालची बाके वेगळी, ही गोष्ट आपल्यालाही अपरिचित नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या शहरांतील गरीब वस्ती चर्चकडे फिरकेनाशी झाली. तेव्हा मेथडिस्टांनी नवी युक्ती काढली. मनोऱ्याचे चर्च न बांधता हॉल बांधावयाचा. मँचेस्टरचा सेंट्रल हॉल १८८६ साली उघडला. अशा हॉलांमधून शनिवारी स्वस्तातले जलसे, दारूबंदीचा प्रचार, गरिबांना मदत, आणि रविवारी उपासना असा क्रम असे. चर्चची पायरी चढावयास बिचकणारा माणूस हॉलमध्ये बिनधास्त येई.

राजधानीत असा हॉल उभारण्यासाठी वेस्लियनांनी १८९८ साली विसाव्या शतकाचा निधी काढला. कल्पना रॉबर्ट पर्क्स या पार्लमेंटच्या सभासदाची. दहा लाख माणसांनी दहा लाख गिनी द्यावयाच्या. एका नावावर एकच गिनी, अधिक नाही. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या काळी बहुतेक शेतमजुरांच्या आठवड्याच्या मजुरीहून ती रक्कम मोठीच. तरीही या नियमातला न्याय पाहा. गिरणीमालकाचे नाव आणि त्याच्या मोलकरणीचे नाव यादीत सारखेच. ती नावे पन्नास जाडजूड ग्रंथांत नोंदविली गेली आणि ते ग्रंथ त्या हॉलमध्ये जतन केले आहेत. दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी दारावर बसविण्याची आपल्याकडील रीत पाहिली म्हणजे त्या पन्नास ग्रंथांचे मोल कळते.

जागा मिळाली ती वेस्टमिन्स्टर ॲबेच्या समोरच, जेथे पूर्वी रॉयल अ‍ॅक्वेरियम नावाचे करमणूकगृह होते. लँचेस्टर आणि रिकर्ड्स यांच्या आराखड्यानुसार इमारत उभी राहिली आणि १९१२ साली उघडली. ॲबेत राजांना मुकुट चढतात. त्याच्या समोर राजमान्य चर्चच्या बाहेरच्यांनी आपला प्रचंड घुमट उभा केला, तोही चर्चसारखा दिसू नये अशा थाटात. मोठ्या दालनात दोन हजारांहून अधिक माणसे बसतात.

त्या दालनात पुढे काय काय घडले! स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्यांच्या सभा तेथे झाल्या. गोलमेज परिषदेसाठी १९३१ साली लंडनला गेलेले महात्मा गांधी या वास्तूत बोलले. दुसऱ्या महायुद्धात तिचे तळघर बाँबपासून आसरा घेणाऱ्यांनी भरून जाई. १० जानेवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे पहिले अधिवेशन येथेच भरले. एक्कावन्न राष्ट्रे जमली; हिंदुस्थान अजून पारतंत्र्यात होता, तरी संस्थापक सभासद म्हणून हजर होता. मंडळीने दालन मोकळे करून दिले आणि आपली उपासना तेवढ्यापुरती अन्यत्र नेली. आमसभेचा पहिला ठराव, २४ जानेवारीचा, अणुशक्तीच्या प्रश्नावर होता. बारा वर्षांनी, १७ फेब्रुवारी १९५८ रोजी, त्याच हॉलमध्ये अण्वस्त्रविरोधी मोहिमेची पहिली जाहीर सभा भरली, आणि बर्ट्रांड रसेल तीत बोलले. सरकारांनी जे काम अर्धवट टाकले ते मागण्यासाठी लोक त्याच छपराखाली आले, हा योगायोग बोलका आहे. १९६६ च्या मार्चमध्ये तिकिटांच्या प्रदर्शनात ठेवलेला फुटबॉलचा विश्वचषक येथून चोरीस गेला, तो रविवारी, इमारतीच्या दुसऱ्या भागात उपासना चालू असताना! आठवड्याने तो एका कुत्र्याने हुंगून काढला.

आज हा हॉल भाड्याने दिला जातो. कोणी म्हणेल, गरिबांच्या गिनींनी बांधलेल्या जागेत आता कंपन्यांच्या परिषदा भरतात, मग राहिले काय? आक्षेप खरा आहे. पण घुमटाची डागडुजी स्तोत्रांनी होत नाही. भाडे हे पाप नव्हे. भाडे न परवडणाऱ्याला दार बंद होणे हे पाप. कप्तान फॉयने अकरा गरिबांची जबाबदारी घेतली होती. प्रत्येक सभागृहाच्या विश्वस्तांना आमचे विचारणे आहे की तुमचे अकरा कोण?

हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. एका संपाच्या काळी हॉलचे भाडे आगाऊ भरलेले असताना आदल्या संध्याकाळी आम्हाला निरोप आला की दुरुस्ती निघाली आहे. सभा भर पावसात मैदानावर घ्यावी लागली. याउलट परळचा दामोदर हॉल आठवावा. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे बोलाविलेल्या बैठकीतून बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. जागा मिळाली म्हणून विचाराला पाय फुटले.

आपल्या शहरात मंगल कार्यालये वाढत आहेत. सभेची जागा मात्र आटत चालली आहे. कोणी धनिक बांधून देईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण जो बांधतो तो किल्लीही ठेवतो. एका नावावर एकच रक्कम, ती सर्वांना झेपेल अशी. ज्याला झेपणार नाही त्याच्या वतीने शेजाऱ्याने भरावी. आणि नावांची वही कायम जपावी. वही उघडण्यास खर्च फारसा येत नाही. पहिले पान कोण लिहितो, एवढेच काय ते बाकी आहे.