फराळ निघण्याआधीचे ७२ तास

पुण्यातलं एक फराळाचं दुकान घेऊ. दुकान, माणसं आणि हे तीन दिवस कल्पनेतले आहेत. खाली येणारे नियम, मर्यादा आणि एररचे आकडे मात्र खरे. गिऱ्हाईक बहुतेक परदेशातलं : न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, सिडनी. ऑर्डर पडली की वेबसाइट आपोआप मेल पाठवते. त्यात पावती असते आणि एक लिंक असते. लिंकवर जाऊन पत्ता, फोन आणि कस्टम्सच्या कागदासाठी लागणारी माहिती भरायची. ती भरल्याशिवाय पार्सल बांधायचं नाही, असा दुकानाचा नियम आहे. दिवाळीआधी पोचेल अशी कुरिअरची शेवटची गाडी ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी, संध्याकाळी ६ वाजता.

बुधवार, संध्याकाळी ६. उरले ७२ तास

वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाने आज मेल पाठवणारी सेवा बदलली. नवी स्वस्त आहे आणि तिच्या मेलमध्ये चकलीचे फोटो छान दिसतात.

सेवा बदलली की डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदींमध्ये, दोन कामं करावी लागतात. पहिलं एसपीएफचं. सोसायटीच्या गेटवर वही असते ना, आमच्या नावाने कोणाकोणाला आत सोडायचं त्याची? एसपीएफ म्हणजे तीच वही. यात नव्या सेवेचं नाव जुन्याच ओळीत घालायचं असतं. मुलाने खाली दुसरा रेकॉर्ड जोडला. एका डोमेनला एसपीएफचे दोन रेकॉर्ड सापडले की नियमाप्रमाणे दोन्ही बाद होतात. दुसरं काम डीकिमचं, म्हणजे प्रत्येक मेलवर दुकानाच्या डोमेनची डिजिटल सही. ते ‘नंतर करू’ म्हणून राहिलं. तोवर नवी सेवा स्वतःच्याच डोमेनची सही ठोकत राहिली.

मुलाने स्वतःच्या जीमेलवर एक ऑर्डर टाकून पाहिली. मेल इनबॉक्समध्ये आला. यात चमत्कार काही नाही. थोडे मेल पाठवणाऱ्याला जीमेलची अट सैल आहे : एसपीएफ किंवा डीकिम, एक काहीतरी पास झालं की चालतं. सेवेची सही पास होत होती.

गुरुवार, सकाळी ११. उरले ५५ तास

मालकांचा भाचा जाहिरातीचं काम बघतो. त्याने ‘शेवटचे तीन दिवस’ असा सेलचा मेल तयार केला आणि दुकानाकडे होते नव्हते तेवढे सगळे २२,००० पत्ते निवडले. त्यात सहा वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक आहे, प्रदर्शनातल्या स्टॉलवर वहीत लिहून घेतलेले पत्ते आहेत, ‘जीमेल’च्या जागी ‘गामिल’ टाइप झालेले पत्तेही आहेत. पाठवणारा पत्ता तोच, ज्यावरून पावत्या जातात.

माझ्या मते घात इथे झाला. बुधवारची चूक कागदावरची होती आणि ती निजली होती. गुगलने ३ ऑक्टोबर २०२३ रोजी नवे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू केले. याहूनेही त्याच सुमारास तसेच नियम आणले. २४ तासांत साधारण ५,००० किंवा त्याहून जास्त मेल वैयक्तिक जीमेल खात्यांवर गेले, की पाठवणारा ‘मोठा’ ठरतो. मोठ्याला एसपीएफ आणि डीकिम दोन्ही लागतात, डीमार्कचा रेकॉर्ड लागतो (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा), आणि ‘फ्रॉम’मध्ये दिसणारं डोमेन एसपीएफ किंवा डीकिमच्या डोमेनशी जुळावं लागतं. मोजणी मूळ डोमेनवर होते आणि एकदा मोठा ठरलेला पुन्हा लहान होत नाही. मायक्रोसॉफ्टने आउटलुक, हॉटमेलसाठी असाच नियम ५ मे २०२५ पासून लावला.

म्हणजे सकाळी ११ पर्यंत जी वही फाटकी असून चालत होती, ती दुपारी चालेनाशी झाली.

गुरुवार, दुपारी २. उरले ५२ तास

नव्या सेवेच्या पडद्यावर बहुतेक मेलपुढे हिरवी खूण आणि ‘डिलिव्हर्ड’. भाचा खूश.

समोरच्या सर्व्हरने ‘२५०’ असं उत्तर दिलं की ही खूण पडते. त्याचा अर्थ एवढाच, की मेल ताब्यात घेतला. तो इनबॉक्समध्ये ठेवला की स्पॅममध्ये, हे समोरचा सर्व्हर सांगत नाही आणि सांगणारही नाही.

गुरुवार, रात्री ९. उरले ४५ तास

लोक मेल उघडू लागले. सहा वर्षांपूर्वी एकदा अनारसे मागवलेल्या माणसाला दुकान आठवत नाही. मेल बंद करायची लिंक तळाशी, फिक्या राखाडी रंगात, आणि ती दाबली की लॉगिन मागते. कोण लॉगिन करतंय? त्यापेक्षा ‘रिपोर्ट स्पॅम’ सोपं.

गुगल सांगतं, तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ ला कधीच पोचू देऊ नका. हजारांत तीन. जाहिरातीच्या मेलला एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय देणं मोठ्या पाठवणाऱ्याला बंधनकारक आहे, ते याचसाठी. गिऱ्हाईक जाऊ दिलं नाही की ते तक्रार करून जातं.

शुक्रवार, सकाळी ८. उरले ३४ तास

आता ‘४२१’ येऊ लागले. म्हणजे नकार नाही, पण आत्ता नको, नंतर ये. सेवा थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते. रांग एकच असल्याने रात्री आलेल्या ऑर्डरींच्या पावत्या सेलच्या मेलमागे उभ्या. काही ठिकाणी थेट ‘५५०’, म्हणजे कायमचा नकार. ज्या पावत्या आत गेल्या त्यातल्या बऱ्याच स्पॅममध्ये.

शुक्रवार, सकाळी १०. उरले ३२ तास

पहिला फोन न्यू जर्सीहून. “काका, पैसे कट झाले, पण तुमचा मेल नाही.” पैसे कापल्याचा मेल पेमेंट कंपनीच्या डोमेनवरून येतो, म्हणून तो पोचला. दुसऱ्या एकीने मेल आला नाही म्हणून पुन्हा ऑर्डर टाकली. तिसऱ्याला पावती स्पॅममध्ये सापडली. वर जीमेलची सावधगिरीची पट्टी होती, म्हणून त्याने लिंक दाबलीच नाही. त्याचं काय चुकलं? बँका वर्षानुवर्षं हेच शिकवतात.

शुक्रवार, दुपारी १. उरले २९ तास

मालक म्हणाले, “सगळ्यांना पावतीचे मेल परत पाठव.” परत पाठवले. तेच डोमेन, तीच फाटकी वही, वर आणखी मेल. मग मुलाने ‘फ्रॉम’मध्ये दुकानाचा जीमेल पत्ता टाकून त्याच सेवेतून पाठवून पाहिलं. हे तर जास्तच वाईट : जीमेलच्या नावाने तिसऱ्याच सर्व्हरवरून आलेला मेल तोतया दिसतो, आणि अशा मेलला बाजूला काढायचं धोरण गुगलने त्याच नियमांबरोबर जाहीर केलं होतं.

शुक्रवार, दुपारी ४. उरले २६ तास

एका जाणत्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत दोन्ही एसपीएफ एकत्र केले, डीकिमचे रेकॉर्ड टाकले. जुना रेकॉर्ड मात्र २४ तास लक्षात ठेवा, असं डीएनएसमध्येच लिहिलेलं होतं. त्यामुळे कोणाकोणाला तो शनिवारी दुपारी ४ पर्यंत दिसू शकतो.

त्याने आणखी एक गोष्ट शोधली. डीमार्कचे रोजचे अहवाल दुकानाच्या एका पत्त्यावर येत होते. कोणाच्या नावाने, कुठून, किती मेल गेले आणि किती नापास झाले, सगळं त्यात होतं. तो पत्ता कोणी उघडत नव्हतं.

“पावत्यांना वेगळं सबडोमेन देऊ का?” मुलाने विचारलं. द्यायलाच हवं होतं, पण जूनमध्ये. नव्या सबडोमेनला स्वतःची पत नसते; रोज थोडे थोडे मेल वाढवत ती कमवायला काही आठवडे लागतात. आणि डोमेनची गेलेली पत रेकॉर्ड दुरुस्त केल्याने परत येत नाही.

शुक्रवार, रात्री ९. उरले २१ तास

मालकांनी स्वतःच्या जीमेलवरून ‘बीसीसी’ करून पाठवायला घेतलं. जुन्या चौकशीवालेही त्यात घातले. वैयक्तिक जीमेलला दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे. खातं २४ तासांपर्यंत अडकतं. अडकलं.

शनिवार, सकाळी ११. उरले ७ तास

फोन. सिडनीत दुपारचे साडेचार, तिथले पटापट झाले. कॅलिफोर्नियात शुक्रवार रात्रीचे साडेदहा, काहींनी उचलले. न्यू जर्सीत मध्यरात्रीनंतरचा दीड, आणि सर्वांत जास्त ऑर्डरी तिथल्याच.

शनिवार, संध्याकाळी ६. शून्य

माहिती भरलेली पार्सलं गाडीत गेली. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि तिकडून फोन उचलायला नुकती सुरुवात झाली होती. करंज्यांचे डबे दुकानातच राहिले, पैसे परत करावे लागले.

तुमचं असं दुकान असेल तर आजच स्वतःच्या जीमेलवर एक ऑर्डर टाका. मेल उघडून तीन टिंबांवर ‘शो ओरिजिनल’ दाबा. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क, तिन्हींपुढे ‘पास’ असायला हवं, आणि डीकिमपुढे डोमेन तुमचं असायला हवं, सेवेचं नव्हे. तसं नसेल, तर सेलचा मेल पाठवू नका.