लक्षात कोणी ठेवायचं? 'सिग्नल' या कल्पनेचा इतिहास

वेब इंटरफेस बनवणाऱ्यांमध्ये सध्या 'सिग्नल' या शब्दाची बरीच चर्चा आहे. प्रीॲक्टने २०२२ मध्ये सिग्नल आणले, अँग्युलरने २०२३ मध्ये, आणि २०२४ मध्ये स्वेल्टने त्याच धर्तीवर 'रून्स' दिले. ऐकणाऱ्याला वाटावं, नवा शोध लागलाय. पण ही कल्पना जुनी आहे. ती एकदा हातात आली होती, बऱ्याच जणांनी बाजूला ठेवली आणि नंतर परत आणली. असं का झालं, ते आज आपण पाहू.

आधी प्रश्न नीट मांडू. समजा, बिलाचा एक फॉर्म आहे. दर आणि नग भरले की रक्कम निघते, रकमेवर कर लागतो, दोन्ही मिळून एकूण. दर बदलला की बाकीचे तीन आकडे बदलायला हवेत. आता कोणता आकडा कोणावर अवलंबून आहे, हे लक्षात कोणी ठेवायचं? प्रोग्रामरने की यंत्राने? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं. एका घरातला आकडा बदलला की बाकीची घरं आपोआप बदलायची. पण गणित ठरलेल्या क्रमाने व्हायचं, ओळीमागून ओळ किंवा रकान्यामागून रकाना. एखादं सूत्र पुढच्या घरावर अवलंबून असेल, तर पहिल्या फेरीत जुनाच आकडा हाती यायचा आणि पुन्हा फेरी मारावी लागायची. १९८३ च्या लोटस १-२-३ ने घरांमधलं अवलंबित्व पाहून क्रम लावला. म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम यंत्राकडे गेलं.

वेबवर हीच गोष्ट २०१० मध्ये स्टीव्ह सँडरसन यांच्या नॉकआउटने आणली. त्यातली युक्ती साधी आहे. 'एकूण' काढणारं फंक्शन चालू असताना कोणकोणत्या किमती वाचल्या जातात, याची नोंद होते. पुढे त्यातली एखादी किंमत बदलली की तेवढंच फंक्शन पुन्हा चालतं. प्रोग्रामरने वेगळी यादी द्यायची नाही. त्याच वर्षी आलेल्या अँग्युलरजेएसची रीत वेगळी होती. काहीही घडलं की सगळ्या किमती तपासायच्या, बदल थांबेपर्यंत फेऱ्या मारायच्या, आणि दहा फेऱ्यांत थांबला नाही तर चूक दाखवायची.

मग नॉकआउटचा मार्ग मागे का पडला? दोन अडचणी होत्या. पहिली, साखळी. एक किंमत दुसरीला बदलते, दुसरी तिसरीला, आणि मोठ्या पानावर हा बदल आला कुठून याचा माग लागत नाही. दुसरी अडचण आपल्या बिलातच आहे. दर बदलला, रक्कम नवी झाली, आणि कर नवा होण्याआधीच 'एकूण'चं गणित झालं, तर क्षणभर नवी रक्कम आणि जुना कर यांची बेरीज मिळते. असा आकडा कधीच खरा नव्हता. यालाच 'ग्लिच' म्हणतात.

२०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट खुलं केलं, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. स्टेट बदलली की कम्पोनंटचं फंक्शन पुन्हा चालवा, जुन्या-नव्या आराखड्याची तुलना करा आणि फरक तेवढा डॉममध्ये लिहा. कोण कोणावर अवलंबून, याची नोंदच नको. हा निर्णय विचारपूर्वक होता, आणि त्याने कोड वाचणं सोपं केलं हे मान्य करायला हवं.

पण किंमत मोजावी लागली. एका आकड्यासाठी कम्पोनंटांची अख्खी फांदी पुन्हा चालायची. ते टाळायला प्रोग्रामर हाताने आडकाठ्या घालू लागले. २०१९ च्या हुक्समध्ये तर अवलंबित किमतींची यादी हातानेच लिहायची आली. म्हणजे पाहा, जे काम लोटसने यंत्राला दिलं होतं, ते पुन्हा माणसाच्या गळ्यात पडलं. आमच्या एका कामात या यादीतून एक नाव राहून गेलं आणि पडद्यावर कर जुन्याच दराने दिसत राहिला. लक्षात यायला दोन दिवस लागले.

दरम्यान जुनी वाट बंद झाली नव्हती. २०१४ चं व्ह्यू आणि २०१५ चं मॉबएक्स त्याच वाटेवर होते. रायन कार्नियाटो यांच्या सॉलिडने ती पुढे नेली. तिथे कम्पोनंटचं फंक्शन एकदाच चालतं, नंतर फक्त बदललेली जागा बदलते. ग्लिचवरही तोडगा निघाला. आजचे बहुतेक सिग्नल दोन टप्प्यांत काम करतात. दर बदलला की आधी रक्कम, कर आणि एकूण यांच्यावर 'शिळं' अशी खूण होते, गणित होत नाही. 'एकूण' कुणी मागितलं की ते आधी रक्कम आणि कर ताजे करून घेतं, मगच बेरीज. अर्धवट आकडा बाहेर पडायला वाव राहत नाही. एप्रिल २०२४ मध्ये जावास्क्रिप्टचं प्रमाणीकरण पाहणाऱ्या टीसी-३९ समितीने सिग्नलचा प्रस्ताव पहिल्या टप्प्यावर घेतला.

तर मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. नोंद होते ती फंक्शन चालू असताना वाचलेल्या किमतींचीच. सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहून नंतर वाचलेली किंमत बहुधा नोंदीतून निसटते. सॉलिडमध्ये प्रॉप्स आधीच वेगळ्या चलांत काढून ठेवले तरी तेच होतं. यादी लिहायची गरज गेली, तरी 'किंमत कुठे वाचतोय' याचं भान माणसालाच ठेवावं लागतं.

म्हणून एक विनंती. उद्या स्वतःच्या कोडमधला एकच आकडा घ्या आणि तो कशाकशावर अवलंबून आहे ते कागदावर लिहून काढा. मग पाहा, ही नोंद तुमच्या प्रोग्रॅममध्ये कोण ठेवतंय. कोणतं साधन घ्यायचं, हे त्यानंतर ठरवू.