असुर : देवांच्या बिरुदापासून दैत्यांच्या नावापर्यंत

असुर हा शब्द आज दैत्य-राक्षसांच्या पंक्तीत बसतो. ऋग्वेदात मात्र तो देवांचे बिरुद आहे. अग्नी, इंद्र, सविता, रुद्र यांना ऋषी असुर म्हणतात आणि वरुणाला तर विशेष आदराने. तेथे त्याचा अर्थ सामर्थ्यवान स्वामी असा होतो. तिसऱ्या मंडलातील 55व्या सूक्तात 22 ऋचा आहेत आणि प्रत्येकीच्या अखेरीस देवांच्या थोर असुरत्वाची ग्वाही येते. देव आणि असुर ही तेव्हा दोन वैरी कुळे असती, तर असे ध्रुवपद कोणी रचले नसते.

‘असु’ म्हणजे प्राण. त्याला ‘र’ प्रत्यय लागून प्राणशक्तीने युक्त तो असुर, ही व्युत्पत्ती जुनी आहे आणि यास्काच्या निरुक्तातही ती आढळते. काही आधुनिक भाषाशास्त्रज्ञ राजा या अर्थाच्या हित्ती ‘हश्शु’ या शब्दाशी त्याचे नाते जोडतात.

इराणी भाषांत ‘स’चा ‘ह’ होतो. सोमाचा हओम झाला, तसा असुराचा अहुर. पारशी धर्माचा प्रवर्तक जरथुष्ट्र याने अहुर मज्दाला सर्वश्रेष्ठ देव मानले. इ. स. पू. सहाव्या शतकात इराणी सम्राट दारयवहूने (डरायस) बेहिस्तूनच्या कड्यावर आपले राज्य त्याच्याच कृपेचे फळ असल्याचे कोरून ठेवले. पारशी समाजातील होर्मसजी हे नाव त्याच देवनामाचे पुढचे रूप आहे. ‘देव’ शब्दाचे नशीब तेथे उलट फिरले. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील दएव म्हणजे दुष्ट शक्ती, आणि त्याच्या वेंदिदाद या भागात त्यांच्यात चक्क इंद्राचे नाव आहे.

या उलटापालटीचे कारण एकाच जमातीतील धार्मिक फूट, असे मार्टिन हाउग यांनी मांडले. 1859 ते 1866 या काळात ते पुण्यात संस्कृतचे अध्यापक होते आणि पारशांच्या धर्मग्रंथांवरील त्यांचे निबंध 1862 मध्ये मुंबईत छापले गेले. कल्पना आकर्षक आहे, पण पुरावा तिला पुरेसा आधार देत नाही. फुटीमुळे शब्द बदनाम झाला असता, तर ऋग्वेदातच तो निंदावाचक दिसला असता. प्रत्यक्षात निंदेचा अर्थ तेथे तुरळक, मुख्यतः उत्तरकालीन भागात येतो. भारतातील बदल सावकाश आणि बहुधा स्वतंत्रपणे घडला.

ब्राह्मणग्रंथांत तो पूर्ण झालेला दिसतो. शतपथ ब्राह्मणात देव आणि असुर दोघेही प्रजापतीचीच लेकरे आहेत. पण यज्ञासाठी त्यांची सतत झुंज चालते आणि असुर हरतात. पुढे मूळ अर्थ विसरला गेला, आरंभीचा ‘अ’ नकारार्थी वाटू लागला आणि तो वगळून देव या अर्थी ‘सुर’ हा नवा शब्द घडला. ऋग्वेदात असा सुर नाही. ‘विधवा’तील ‘वि’ उपसर्ग समजून पती या अर्थी ‘धव’ शब्द तयार झाला, तोही याच रीतीने. रामायणाच्या बालकांडाने तर कथाच दिली : समुद्रमंथनातून आलेली वारुणी ज्यांनी स्वीकारली ते सुर, नाकारली ते असुर.

नाव असे बदनाम झाले, तरी प्रत्येक असुर लोकांच्या मनातून उतरला नाही. प्रल्हादाचा नातू बळी हा असुरांचा राजा. तरीही महाराष्ट्रात बलिप्रतिपदेला त्याचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा घरोघरी बोलून दाखवली जाते. जोतीराव फुले यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त याच बळीला न्यायी राजा म्हणून उभे केले.