कुडाची भिंत आणि किल्लारीचा धडा

धानोरा (जि. गडचिरोली) : ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातील मुलुगू परिसर ५.३ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला आणि त्याचे धक्के गडचिरोली, चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत जाणवले. गोदावरीच्या खोऱ्याला भूकंप सर्वस्वी अपरिचित नाही. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता. तरीही २००२ च्या भूकंपप्रवणता नकाशात गडचिरोलीचा बहुतांश भाग सर्वांत कमी जोखमीच्या, म्हणजे दुसऱ्या क्षेत्रात आहे. हा दिलासा किती मानायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. कारण १९९३ पूर्वीच्या नकाशात किल्लारीदेखील सर्वांत कमी जोखमीच्या पहिल्या क्षेत्रातच होते.

याहून मोठा धक्का बसला तर धानोरा तालुक्यातील माती-बांबूच्या घरांचे काय होईल आणि पडझडीनंतर त्यांतले काय वाचविता येईल, या प्रश्नाचे उत्तर शोधताना किल्लारीकडेच वळावे लागते. मातीची वास्तू भूकंपानंतर कशी गमावली जाते आणि कशी राखता येते, या दोन्हींचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण तेच आहे.

माती की माळवद?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसे दगावली. ६.२ तीव्रतेच्या भूकंपाच्या मानाने ही हानी फार मोठी होती. तेव्हापासून ‘मातीच्या घरांनी माणसे मारली’ असा समज लोकांत आणि सरकारी कार्यालयांतही रूढ झाला. तो पूर्णपणे खरा नाही.

त्या भागातील भिंती मातीच्या नव्हत्या. त्या मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या. दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाडीच्या या भिंतींत आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन वेगळे पदर असत आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली असे. दोन्ही पदरांना एकत्र बांधणारा आरपार दगड बहुधा नसे. हादरा बसताच भिंतीला पोट सुटले आणि दोन्ही पदर दोन दिशांना कोसळले. वर माळवदाचा भार होता. छत गळू लागले की वर मातीचा नवा थर टाकायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत असल्याने काही घरांवर दीड ते अडीच फूट माती साचली होती. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे हेच माळवद त्या पहाटे काळ ठरले.

मराठवाड्यातील जुने घर ‘खणां’त मोजले जाते. खण म्हणजे लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा. जिथे हा सांगाडा शाबूत होता आणि छताचा भार भिंतींऐवजी त्याच्यावर होता, तिथे भिंती ढासळल्या तरी अनेक ठिकाणी खांब-तुळया उभ्या राहिल्या व आतली माणसे बचावली. बांधकामाच्या जुन्या शहाणपणाचा हा पुरावा ढिगाऱ्यातच उभा होता. त्याकडे फार थोड्यांनी पाहिले.

दुरुस्तीचा विसरलेला कार्यक्रम

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. अरुंद बोळ, वाडे आणि पार यांच्या जागी सरळ रस्त्यांची, काँक्रीटच्या सारख्या घरांची वसाहत आली. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र त्याच कार्यक्रमात कमी नुकसान झालेल्या सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण असा दुसरा भाग होता, याची आठवण आज क्वचितच निघते.

या भागातले तंत्र साधे होते. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीत ठरावीक अंतरावर दगड हलकेच काढून आरपार भोक पाडायचे, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना जखडले जातात. दारा-खिडक्यांच्या वर घराला चहूबाजूंनी पट्टा बांधायचा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे आधार ठोकायचे. अहमदाबादच्या ‘असाग’ या संस्थेने गावांत अशी प्रात्यक्षिके केली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम्‌ शिक्षण प्रयोग’ संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार करून कार्यक्रम घराघरांत पोहोचविला. परंतु जुनी भिंत सावरण्यापेक्षा त्याच अनुदानात विटा-सिमेंटची एक नवी खोली उभारणे बहुतेकांनी पसंत केले. ज्यांनी भिंतीखाली आप्त गमावले, त्यांना त्याच भिंतीवर पुन्हा विश्वास ठेवा असे सांगणार तरी कोण? त्यांना दोष देणे अप्रस्तुत होईल. वारसा मात्र गेला तो गेलाच.

कच्छमध्ये वेगळे घडले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तेथील गोलाकार ‘भुंगा’ घरे चांगली टिकली. गोल भिंतीला कोपराच नसल्याने कोपरा फाटण्याचा प्रश्न आला नाही, आणि छतही हलके होते. पुढे भुजच्या ‘हुन्नरशाला’ संस्थेने मातीचेच बांधकाम सुधारून पुनर्वसनात वापरले. इराणमधील बाम येथील मातीचा प्रचंड बालेकिल्ला २६ डिसेंबर २००३ रोजी कोसळला, तेव्हा अभ्यासकांना आढळले की अलीकडे डागडुजी झालेल्या भागांचीच हानी अधिक झाली होती आणि कित्येक भिंती वाळवीने आतून पोखरलेल्या होत्या. वरून नवा लेप दिला म्हणजे जतन झाले, या समजुतीला बामने तडा दिला.

धानोऱ्याचे कुडाचे घर

आता धानोऱ्याकडे वळू. झाडीपट्टीतील पारंपरिक घराची जात मराठवाड्याच्या घराहून निराळी आहे. जमिनीत रोवलेले लाकडी खांब, त्यांच्यामध्ये बांबूच्या कामट्यांचा विणलेला कूड, त्यावर तणीस आणि शेण मिसळलेल्या मातीचा दोन्ही बाजूंनी लेप, वर बांबूच्या आढ्या-वाशांवर गवत किंवा कवेलू. ही भिंत जेमतेम काही इंच जाडीची असते. हादऱ्यात ती वाकते, लेपाला भेगा पडतात, पोपडे गळतात. पण टनावारी दगड अंगावर येत नाहीत. भूकंपाचे बळ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे हलके घर मुळातच फायद्यात असते.

या घराचे शत्रू तीन : पाऊस, वाळवी आणि आग. मुसळधार पावसात भिंतीचा तळ भिजतो, खांबाचा जमिनीतील भाग कुजतो. मग भूकंपाची वाट पाहायचीही गरज उरत नाही. कवेलू नीट बसविलेले नसतील तर हादऱ्यात घसरून डोक्यावर पडतात, हाही धोका खरा आहे.

सरकारदरबारी मात्र हे घर केवळ ‘कच्चे’ आहे. घरकुलासाठी पात्रता ठरविताना मातीची भिंत आणि गवताचे छप्पर अभावाची खूण म्हणून मोजले गेले. पक्क्या घराची इच्छा रास्तच आहे, दरवर्षी छप्पर शाकारण्याचे कष्ट शहरातल्या वाचकाने गोड मानू नयेत. पण पट्टा, कोपऱ्यातील सळई आणि पुरेसा चुना-सिमेंट नसलेले अर्धवट विटांचे घर कुडाच्या घरापेक्षा सुरक्षित असेलच, असे मुळीच नाही. मातीची घरे भूकंपात टिकावीत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९३ मध्येच स्वतंत्र मार्गदर्शिका (आयएस १३८२७) काढली आहे. तीत हलके छप्पर, लहान खोल्या, मर्यादित दारे-खिडक्या आणि सलग पट्टा यांवर भर आहे.

भूकंपानंतर अशा घराची माती फेकून द्यावी लागत नाही. ती चाळून, भिजवून, मुरवून पुन्हा लावता येते. ढिगारा यंत्राने उपसण्यापूर्वी शाबूत खांब, कोरीव चौकटी, तुळया क्रमांक घालून बाजूला काढल्या तर तेच घर त्याच मापाने पुन्हा उभे राहू शकते. बारीक भेगा मातीच्या पातळ रबडीने भराव्यात. वर सिमेंटचा गिलावा नको. तो ओल आत कोंडतो आणि मातीपासून सुटतो.

लागणारा बांबू तालुक्यातच आहे. येथील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. दुर्मीळ होत आहेत ते कूड विणणारे, कवेलू थापणारे हात, आणि त्यांच्या घरांची मापे घेऊन ठेवण्याचे काम भूकंपाआधीच करावे लागेल. त्याच फेरीत पावसाळा सरताच प्रत्येक खांबाचा तळ सुरीने टोचून पाहावा. सुरी सहज आत शिरली तर तेवढा भाग कापून दगडी बैठकीवर नवा तुकडा सांधावा.