अजिंक्यपदाच्या उंबरठ्याबाहेर : पालवणकर बाळू आणि त्यांचे समकालीन मुष्टियोद्धे

क्रीडेच्या इतिहासाची साधने बहुधा विजेत्यांच्या याद्यांच्या स्वरूपात उपलब्ध असतात. अजिंक्यपद कोणी मिळविले, कोणत्या वर्षी मिळविले आणि कोणाला हरवून मिळविले, एवढे या याद्या सांगतात. ज्याला त्या पदासाठी उभेच राहू दिले गेले नाही, त्याचे नाव यादीत येण्याचे कारणच उरत नाही. पराभूतास निदान उपविजेता म्हणून स्थान मिळते. नाकारला गेलेला स्पर्धक मात्र नोंदीतूनच नाहीसा होतो. पराभव आणि नकार या दोन घटना इतिहासदृष्ट्या भिन्न आहेत. हा भेद विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकातील अमेरिकेच्या मुष्टियुद्धात आणि मुंबईच्या क्रिकेटमध्ये एकाच वेळी कसा प्रकट झाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

अमेरिकेतील वजनदार गटाच्या मुष्टियुद्धाचे जगज्जेतेपद हे त्या काळी कोणत्याही सर्वमान्य मंडळाच्या हाती नव्हते. कोणाचे आव्हान स्वीकारावयाचे, हे प्रायः विजेता व त्याचे व्यवस्थापकच ठरवीत. यामुळे वर्णभेदाला लेखी नियमाची गरज भासली नाही. केवळ मौन पुरेसे होते. ऑस्ट्रेलियाचे अजिंक्यपद मिळविलेल्या पीटर जॅक्सन या कृष्णवर्णीय मल्लाशी लढण्याचे जॉन सलिव्हन याने नाकारले. 1891 च्या मे महिन्यात जॅक्सन आणि जेम्स कॉर्बेट यांची झुंज 61 फेऱ्यांपर्यंत चालली व निकालाविना थांबली. पुढल्याच वर्षी सलिव्हनला आव्हान देण्याची संधी मिळाली ती कॉर्बेटला, आणि तो जगज्जेता झाला. जॅक्सनच्या वाट्याला ती संधी कधीच आली नाही.

1908 च्या डिसेंबरात सिडनी येथे जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सचा पराभव करून ही रेषा ओलांडली खरी. पण त्यामुळे इतरांसाठी वाट मोकळी झाली नाही. सॅम लँगफर्डला जॉन्सनने 1906 मध्ये हरविले होते; जगज्जेता झाल्यावर मात्र त्याने लँगफर्डशी पुन्हा सामना केला नाही. जो जीनेट व सॅम मॅकव्हे यांनी 1909 मध्ये पॅरिसला 49 फेऱ्यांची झुंज दिली, पण त्यांपैकी एकालाही जगज्जेतेपदासाठी लढता आले नाही. हे मल्ल परस्परांशीच पुनःपुन्हा लढत राहिले, कारण त्यांच्याशी लढावयास इतर कोणी फारसे तयार नव्हते. 1915 मध्ये जॉन्सनचे पद गेल्यानंतर दार पुन्हा बंद झाले. हॅरी विल्स हा जॅक डेम्प्सीचा सर्वांत योग्य प्रतिस्पर्धी मानला जात असे. सामन्याचे करारही झाले. परंतु 1926 च्या सप्टेंबरात डेम्प्सी लढला तो जीन टनीशी. 1937 मध्ये जो लुई जगज्जेता होईपर्यंत मधल्या 22 वर्षांत एकाही कृष्णवर्णीय मल्लास या पदासाठी लढता आले नाही.

याच काळात मुंबईत दुसऱ्या एका पदाचा प्रश्न उपस्थित झालेला होता. 1876 मध्ये धारवाड येथे चांभार कुटुंबात जन्मलेले पालवणकर बाळू पुण्यात प्रथम पारशी क्लबात व नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामावर होते. सरावाच्या जाळीत गोऱ्या फलंदाजांना चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी मंदगती गोलंदाजी घडली. तेथे त्यांच्या हाती बॅट मात्र दिली गेली नाही. पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी त्यांना संघात घेतले, कारण त्यांच्याखेरीज युरोपियनांवर विजय मिळणे कठीण होते. पण मैदानावर एकच चेंडू हाताळणाऱ्या सहकाऱ्यांपासून चहापानाच्या वेळी त्यांना वेगळे बसावे लागे व मातीच्या निराळ्या पात्रात चहा घ्यावा लागे. खेळातील स्पर्श चालत होता, पंक्तीतील चालत नव्हता.

मुंबईस आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियनांवर 109 धावांनी मिळविलेल्या विजयात त्यांचा वाटा मोठा होता. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली 1911 मध्ये इंग्लंडला गेलेल्या संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली; परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात 114 गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21, ही त्यांची एकूण नोंद होय.

अशा खेळाडूकडे हिंदू संघाचे कर्णधारपद येणे स्वाभाविक होते. ते आले नाही. 1913 मध्ये कर्णधार नेमले गेलेले एम. डी. पै यांनीच हा मान वस्तुतः बाळूंचा होता, असे जाहीरपणे म्हटले. 1920 च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी तर बाळूंना आरंभी संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी पडल्याने त्यांच्या जागी, बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल ज्येष्ठ असताही, दि. ब. देवधर यांची निवड झाली. तेव्हा विठ्ठल व शिवराम हे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर पडले. अखेर पै परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पै मैदानाबाहेर असताना काही काळ संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. तोपर्यंत त्यांचे वय 44 झाले होते. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व त्या वर्षी हिंदू संघ विजयी ठरला.

या नकाराचे समर्थन अन्य रीतीने करता येईल काय? कर्णधार हा सुशिक्षित व हौशी खेळाडू असावा, अशी समजूत इंग्रजी क्रिकेटमध्येही रूढ होती. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाला पहिला व्यावसायिक कर्णधार 1952 मध्येच लाभला. तेव्हा वर्गभेदाचाही काही अंश येथे असणार, हे मान्य करावयास हवे. परंतु खेळात सहकारी आणि चहापानात परका, ही वागणूक वर्गभेदाने उलगडत नाही. तिचे मूळ जातीतच शोधावे लागते.

दोन्ही उदाहरणांतील साम्य स्पष्ट आहे, तसाच भेदही. मुष्टियुद्धात विजेत्याला आपल्या पदाचे व प्रवर्तकाला आपल्या उत्पन्नाचे रक्षण करावयाचे होते. शिवाय 1910 मध्ये रीनो येथील जॉन्सनच्या विजयानंतर उसळलेल्या दंगलींचे भय प्रशासनाच्या मनात होते. म्हणून तेथे स्पर्धकाला रिंगणाबाहेर ठेवले गेले. मुंबईत निवड समितीला बाळूंची गोलंदाजी हवीच होती. म्हणून येथे स्पर्धकाला मैदानात घेतले, नेतृत्वाबाहेर ठेवले. गुण वापरावयाचा, पण अधिकार द्यावयाचा नाही, ही नकाराची अधिक सूक्ष्म तऱ्हा होय.

पराभव व नकार यांतील भेद पुढे राजकारणातही कसोटीस लागला. 1932 च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत बाळू होते. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. 1954 मध्ये भंडारा येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकीत खुद्द डॉ. आंबेडकरांना राखीव जागेवर पराभव पत्करावा लागला. हे दोन्ही पराभव उघड लढतीतील होते. मतमोजणी झाली व निकाल नोंदला गेला. तथापि भंडाऱ्याच्या निकालाकडे पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. संयुक्त मतदारसंघात दलितांचा प्रतिनिधी इतरांच्या मतांनी ठरतो, हा आंबेडकरांचा जुना आक्षेप होता. दार उघडे असले तरी द्वारपाल कोण, हा प्रश्न शिल्लक राहतोच. भंडाऱ्यात निदान तो प्रश्न आकड्यांच्या आधारे विचारता येतो. हिंदू जिमखान्याच्या बंद बैठकीबाबत तेवढीही सोय नाही.

बाळू 1955 च्या जुलैत निवर्तले. लँगफर्ड अंधत्व व दारिद्र्य भोगून 1956 मध्ये. बाळू कर्णधार असते तर संघाने किती सामने जिंकले असते, किंवा विल्सने डेम्प्सीला हरविले असते काय, याचे उत्तर इतिहासकाराने देऊ नये. ते उत्तर मिळण्याची शक्यताच नकाराने नष्ट केली. नेमकी ही हानी मात्र नोंदविता येते. विजेत्यांच्या यादीशेजारी, त्या यादीपर्यंत ज्यांना येऊ दिले नाही त्यांची दुसरी यादी ठेवली, तरच पहिल्या यादीचे खरे मोल समजेल.