११२ पौंडांची माणसे

जिमी वाइल्ड आणि मिगेल कांतो समोरासमोर आले असते तर कोण जिंकले असते, पांचो विलापुढे पास्कुआल पेरेझ टिकला असता काय, हा मुष्टियुद्धाच्या शौकिनांचा आवडता वाद आहे. वरवर पाहता तो निरुपद्रवी. पण वेगवेगळ्या काळांतील माणसे एका रिंगणात आणताना आपण त्यांची शरीरे तेवढी आत घेतो आणि त्यांचा काळ बाहेर ठेवतो. फ्लायवेटच्या बाबतीत ही फसवणूक अधिकच मोठी आहे. ११२ पौंडांच्या, म्हणजे जेमतेम ५१ किलोंच्या, आत बसणारा प्रौढ पुरुष पुष्कळदा निसर्गाने एकट्याने घडवलेला नसतो.

वाइल्ड १८९२ साली वेल्समध्ये जन्मला आणि ऱ्हाँडा खोऱ्यातील टायलर्सटाऊनच्या कोळसाखाणीत पोरवयातच उतरला. थोराड माणसाला जिथे शिरता येत नाही अशा सांदीत त्याचे खुजे अंग कामाला येई. जत्रेतल्या तंबूंत, येईल त्या गड्याशी झुंजून तो तयार झाला. ऐन भरात त्याचे वजन १०० पौंडांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असे. डिसेंबर १९१६ मध्ये लंडनला यंग झुलू किडला अकराव्या फेरीत हरवून तो जगज्जेता ठरला. हा ‘झुलू’ आफ्रिकेचा नव्हे बरे. इटलीत जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला गोरा पोर होता. काळ्यांचे नाव बाजारात चालत होते. काळ्या मुष्टियोद्ध्याला मात्र १९४८ पर्यंत ब्रिटिश अजिंक्यपदासाठी उभेच राहता येत नव्हते. आईबाप दोघेही गोरे हवेत अशी अट होती. ज्यांना रिंगणाची पायरीच चढू दिली नाही, त्यांची काल्पनिक लढत तरी कोण लावणार?

पांचो विलाचे खरे नाव फ्रान्सिस्को गिलेदो. १९०१ साली फिलिपाईन्समधील नेग्रोस बेटावर, इलोग गावी तो जन्मला. तिथल्या मूळ रहिवाशांचा काळा वर्ण पाहून स्पॅनिश जेत्यांनी बेटाला हे नाव दिले. पुढे ऊसमळेवाल्यांनी ते गिळले, आणि १८९८ नंतर सगळा देशच अमेरिकेच्या हाती गेला. इलोइलो शहरात विला बूट-पॉलिश करी. १९२२ साली तो अमेरिकेत गेला तो अमेरिकेचा प्रजाजन म्हणून, नागरिक म्हणून नव्हे.

दोन काळांची गाठ प्रत्यक्षात पडली ती १८ जून १९२३ रोजी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर. वाइल्ड एकतीस वर्षांचा होता आणि जानेवारी १९२१ पासून रिंगणात उतरलेला नव्हता. विला बाविशीच्या आतला. सातव्या फेरीत वाइल्ड कोसळला आणि पुन्हा कधीच लढला नाही. दुसऱ्या फेरीची घंटा झाल्यावर विलाचा ठोसा बसला, ही तक्रार वाइल्डच्या बाजूने कायम राहिली. ‘तो खरा वाइल्ड नव्हता’ असे त्याचे चाहते म्हणतात. खरेच आहे. पण आयुष्यातील कोणत्या दिवसाचा माणूस खरा धरायचा, हे ठरवणाराच अशा वादात निम्मा निकाल देऊन बसतो. ‘रिंग’ मासिकाचे नॅट फ्लाइशर यांनी १९५८ साली वाइल्डला पहिला आणि विलाला दुसरा क्रमांक दिला. १९९९ साली असोसिएटेड प्रेसने विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ फ्लायवेट म्हणून विलाची निवड केली. मधल्या काळात दोघांपैकी एकानेही ठोसा मारलेला नव्हता.

नियमांचेही तसेच. वाइल्ड वीस फेऱ्यांच्या लढती लढला, कांतो पंधरा फेऱ्यांच्या. आज बारा असतात. वजन आता आदल्या दिवशी होते, त्यामुळे सुकवलेला गडी रात्रीतून खाऊनपिऊन चार-पाच किलो अंगावर चढवून येतो. १९७५ मध्ये १०८ पौंडांचा आणि १९८७ मध्ये १०५ पौंडांचा गट निघाला. म्हणजे आजच्या हिशेबाने वाइल्ड फ्लायवेटच ठरत नाही!

तरीही मत द्यायचेच तर देतो. १९१६ चा वाइल्ड, त्याच दिवशी वजन आणि वीस फेऱ्या असतील तर, विलाला भारी पडला असता. कमरेजवळून निघणारा त्याचा ठोसा अंगावर धावून येणाऱ्याला दिसतच नसे. मेरिदाच्या कांतोपुढे मात्र त्याचे काही चालले नसते. १९७५ ते १९७९ या काळात कांतोने चौदा वेळा अजिंक्यपद राखले ते मुख्यतः डाव्या हाताच्या सरळ ठोशावर आणि पावलांवर. असा माणूस सापळ्यात पाऊल टाकीत नाही.

विला आणि पेरेझ यांच्याविषयी मात्र माझा हात अडतो. अर्जेंटिनाच्या मेंदोसा प्रांतातील हा द्राक्षमळ्यांतला पेरेझ १९४८ चे ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन आला आणि १९६० पर्यंत, वयाच्या चौतिशीच्या उंबरठ्यापर्यंत, जगज्जेता राहिला. विला ४ जुलै १९२५ रोजी दाढ काढलेल्या, सुजलेल्या जबड्यानिशी जिमी मॅक्लार्निनशी दहा फेऱ्या लढला आणि हरला. मग आणखी दाढा काढल्या, विष गळ्यात उतरले, आणि १४ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत तो वारला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि जगज्जेतेपद अजून त्याच्याकडेच होते.