सातवा स्नायू

पडद्यावर निरोगी डोळ्याच्या खोबणीचं एमआरआय चित्र आहे. टी-१ पद्धतीचं, बुबुळाच्या गोळ्यामागचा उभा छेद. मधला करडा ठिपका म्हणजे दृष्टीची नस. तिच्याभोवती डोळा फिरवणारे चार सरळ स्नायू. नाकाच्या बाजूला, वर पाचवा, तिरका. सहावा गोळ्याखालून जातो, तो पुढच्या छेदात दिसतो. आणि या सगळ्यांमधलं पांढरंशुभ्र काय? चरबी.

आता १५४३ सालात जाऊ. त्या वर्षी वेसालियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ आला. गेलेनने माणसांऐवजी जनावरं चिरली म्हणून तो चुकला, हे ठासून सांगणारा हा माणूस. पण डोळ्यापाशी तोही फसला! नसेभोवती त्याने सातवा स्नायू दाखवला. डोळा आत ओढणारा हा स्नायू गाईबैलांना असतो, माणसाला नसतो. १५६१ मध्ये फालोप्पियोने ही चूक दाखवून दिली, तीही शवविच्छेदन करूनच.

जिवंत माणसात हे बघायचं कसं? १८९५ मध्ये रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले, पण त्यांत दिसायची ती हाडं. १९७३ मध्ये लॉटरबरने चुंबकीय अनुनादातून प्रतिमा घडवली. पुढे त्याच वाटेने चरबी आणि स्नायू वेगळे दिसू लागले.

पुन्हा चित्र बघा. वेसालियसच्या सातव्या स्नायूच्या जागी नुसती चरबी आहे. आज तिथे करडी सावली दिसली, तर डॉक्टर गाठीची शंका घेतात. म्हणून निरोगी खोबण कशी असते, हे आधी नीट ठाऊक हवं. आणि ते ग्रंथावर विसंबून नव्हे, माणसाकडे बघून.